दुपारी आडवे होण्याचा हक्क

मी, श्रीमती वासंती प्रभाकर टिपणीस, वय वर्षे ७२, निवृत्त ट्रेसर, राहणार डोंबिवली (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. लिहिताना माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी माझ्या डोक्यावर उभे नाही, आणि काल रात्री माझी सात तास झोप झाली आहे. हे शेवटचे वाक्य खोडा, असे वकील म्हणाले. मी ते खोडणार नाही, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

सत्तरीनंतर मृत्युपत्र करायचे तर बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा, असे वकिलांनी सांगितले. म्हणून जूनमध्ये मी डॉ. पामेला परेरा यांच्याकडे गेले. त्यांनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. मी चौतीस वर्षे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगे शाईने गिरवली आहेत. मी आधी मध्यरेषा आखल्या, मग वर्तुळ काढले आणि तासकाटा अकराच्या किंचित पुढे ठेवला, कारण दहा मिनिटांत तो तेवढा सरकतोच.

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, असं घड्याळ माझ्याकडे अजून कोणी काढलेलं नाही. दाखला देते. आता सांगा, झोप किती लागते?"

"साडेतीनला जाग येते. मग पडून राहते."

"आणि दुखतं काय काय?"

मी म्हटले, मान, कंबर, डावा गुडघा, पण ते चालायचंच. किती वर्षे, असे त्यांनी विचारल्यावर मला आठवावे लागले. मान पंचवीस वर्षे दुखत होती. हे दोन प्रश्न मला आजवर एकामागोमाग कोणी विचारले नव्हते.

त्या म्हणाल्या, "दुखतं म्हणून झोप मोडते, झोप मोडते म्हणून जास्त दुखतं. बायकांमध्ये हे दोन्ही वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर पुढे विसरण्याच्या आजाराचा धोका वाढलेला दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. होणारच असं नाही हां. कशामुळे काय होतं, तेही अजून पुरतं कळलेलं नाही. पण दुखण्यावर उपाय आहे, झोपेवरही आहे. मग थांबायचं कशाला?"

मला माझी आई आठवली. ती कल्याणला राहायची. नळाला पहाटे साडेतीनला तासभर पाणी यायचे. घरात चार धडधाकट पुरुष होते, पण उठायची आई. कंबर धरून बादल्या उचलायची आणि विचारले तर म्हणायची, "काही नाही गं, अंगावर काढलं की जातं." पुढे तिला विसर पडत गेला. आधी डब्यांची झाकणे, मग गॅस, मग माझे नाव. तोवर घरात दिवसभर पाणी येऊ लागले होते, तरी ती साडेतीनला उठून नळाखाली बादली ठेवायची. तेवढे एक ती विसरली नाही. तिला विसर झोपेमुळे पडला, दुखण्यामुळे पडला की आणखी कशाने, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण तिला झोपू द्यायला हवे होते, एवढे मला कळते आणि त्याचे वाईट वाटते.

जूनपासून मी मानेचे व्यायाम शिकले, संध्याकाळचा चहा सोडला, डॉक्टरांनी दिलेली औषधे वेळेवर घेतली. मान अजून दुखते, पण मला उठवत नाही. आता वाटणी.

१. गजराचे घड्याळ. पाणी भरण्यासाठी मी ते छत्तीस वर्षे साडेतीनला लावले. ते माझा मुलगा सलिल यास द्यावे. घरात कोणाला लवकर उठायची वेळ आली, तर गजर त्याच्या उशाशी वाजावा.

२. अंगावर काढण्याची सवय. वकिलांच्या भाषेत अशा मालमत्तेला वडिलोपार्जित म्हणतात, पण ही मला आईकडून आली. या सवयीला वारस नाही. ती मी कोणालाही देत नाही आणि कोणी आपणहून घेतली, तर ते माझ्या इच्छेविरुद्ध समजावे.

३. शेकायची रबरी पिशवी माझे दीर श्री. भालचंद्र यांस. "बायकांची दुखणी पाहुणे आले की सुरू होतात," असे ते भरल्या पंक्तीत म्हणाले होते. यंदा त्यांचा खुबा धरला आहे. पिशवीला गळती नाही आणि माझ्या मनातही आता काही नाही. वापरताना त्यांनी ते वाक्य आठवावे, इतकेच.

४. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेने आणि कंपासपेटी तंत्रशाळेतल्या मुलींना द्यावी. सोबत माझ्या खर्चाने पाठ टेकायची एक चांगली खुर्ची द्यावी. मी चौतीस वर्षे स्टुलावर बसले आणि खुर्ची मागायची लाज वाटली.

५. डोंबिवलीचे हे दोन खोल्यांचे घर माझी सून सौ. अंतरा हिच्या एकटीच्या नावावर करावे. सलिलला मी हे फोनवर सांगितले.

तो म्हणाला, "अगं आई, मी काय केलं?"

"काही केलं नाहीस रे. तेच सांगतेय."

तो हसला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मुलगा चांगला आहे, फक्त त्याला सांगावे लागते. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

६. आतली खोली. हे कलम सविस्तर लिहिते, कारण यात दोष माझा आहे.

अंतराचे लग्न होऊन सतरा वर्षे झाली. ती आणि सलिल घोडबंदर रोडला राहतात, एक रविवार सोडून इकडे येतात. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी तिचे डोके दुखत होते, म्हणून जेवणानंतर ती आतल्या खोलीत आडवी झाली. मी दारात उभी राहून विचारले, "काय गं, बरं नाहीये का?" शब्द साधे होते. आवाज साधा नव्हता, हे तिलाही कळले आणि मलाही. ती उठली आणि माझ्यासमोर बसून मेथी निवडू लागली. त्यानंतर ती या घरात दुपारी कधी आडवी झाली नाही.

गेली तीन वर्षे तिची मान खांद्यापर्यंत दुखते. तिचे ऑफिसही वागळे इस्टेटलाच आहे, पण गिऱ्हाईक परदेशातले. ते जागे असते तेव्हा हिला जागावे लागते. जेमतेम पाच तास झोपते. डॉक्टरांकडे चल म्हटले, तर म्हणाली, "बघू हो आई, मार्च होऊन जाऊ दे." मीही माझ्या मानेला असे पंचवीस मार्च दाखवले आहेत. आईच्या रांगेत मी जाऊन बसेन याची मला भीती होती. आता ती अंतराबद्दल वाटते.

म्हणून आतली खोली, पलंग, पंखा आणि जाड पडद्यांसह, मी अंतराला देते. माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, असे वकील म्हणतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण तोवर थांबले, तर माझे ते वाक्य तेवढी वर्षे दारात उभे राहील. अंतरा, मी चुकले. तुला बरे नव्हते आणि मी काळजीने विचारले नाही.

७. वरील सहा कलमे आज जेवण झाल्यावर मी अंतराला वाचून दाखवली. भांडी तशीच टाकून ती आत गेली आणि दार लोटून घेतले. ती रागावली असे मला वाटले. थोड्या वेळाने मी दार किलकिले करून पाहिले, तर ती कुशीवर झोपली होती, चष्मा डोळ्यांवर तसाच. उशाशी तिच्या फोनवर डॉ. परेरांच्या दवाखान्याचा निरोप होता: मंगळवार, सकाळी दहा. मी चष्मा काढून ठेवला आणि बाहेर येऊन हे कलम लिहिले. भांडी सलिल घासतो आहे. आवाज करू नको, असे त्याला सांगितले आहे.

साक्षीदारांना विनंती. दार उघडे ठेवले आहे, बेल वाजवू नये. बोलायचे ते बाहेरच्या खोलीत, हळू बोलावे. माझी तब्येत विचारायची असेल, तर खुणेने विचारावी. चांगली आहे.

स्थळ: डोंबिवली (पूर्व)
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी तीन

सही: वासंती प्रभाकर टिपणीस

बाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. त्या पूर्ण भानावर आहेत. बेल वाजवलेली नाही.

साक्षीदार:
१. डॉ. पामेला परेरा
२. श्री. मारुती काळुराम म्हात्रे, सोसायटीचे सचिव (चपला खाली जिन्यातच काढल्या)