यांचं रीळ आणि माझा गुडघा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असता, पण गुडघा वाकायला तयार नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून तोच तुमच्या घरातला सगळ्यात बोलका आहे? इकडे सगळं क्षेमकुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

आमचे हे निवृत्त झाले, तेव्हा ऑफिसच्या मंडळींनी यांना मासे धरायची गळाची काठी भेट दिली. (ही कल्पना कोणाची ते कळलं, तर मी त्याच्याकडे महिनाभर राहायला जाणार आहे.) काठी आली, पण दोरी गुंडाळायचं रीळ काही आलं नाही. ते म्हणे ज्याने त्याने आपल्या हाताला बघून घ्यायचं असतं. झालं! ज्या माणसाने जन्मभर भाजीसुद्धा "आण काहीतरी" म्हणून मागवली, तो रीळ निवडायला बसला तो अजून बसलाच आहे.

रिळांच्या तीन जाती. आता मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. पहिल्यात फिरकी जागच्या जागी राहते आणि तारेची कडी तिच्याभोवती फिरून दोरी गुंडाळते. सालस वस्तू, नवशिक्याने डोळे मिटून घ्यावी अशी. दुसऱ्यात फिरकी आडवी असते आणि स्वतःच गरगरते. फेकलेला गळ पाण्यात पडला की ती अंगठ्याने दाबून थांबवायची, नाहीतर गळ थांबतो, फिरकी थांबत नाही, आणि दोरीचा असा गुंता होतो की कात्रीच आणावी लागते. सवय नसलेल्याने याच्या वाटेला जाऊ नये, असं दुकानदार सांगतो. तिसरं बंद डबीचं. बटण दाबा, गळ फेका, घरी या. मला तेच पसंत पडलं, पण दुकानदार बोलून गेला की ते बहुतेक लहान मुलांसाठी नेतात. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मग पहिलं आणलं, परत दिलं. दुसरं आणलं, परत दिलं. पुन्हा पहिलं आणलं. दुकानदार भला माणूस, दर वेळी बदलून देतो, पण हल्ली हे कोपऱ्यावर दिसले की त्याची जेवायची सुट्टी होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर रिळांचे खोललेले भाग पसरलेले असतात आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. (सोफ्यावर तेलाचे डाग आहेत. ते आमटीचे नाहीत, बेअरिंगच्या तेलाचे आहेत.) दोरी भरायलाही दोन माणसं लागतात. दोरीची गुंडी लाटण्यावर चढवून मी दाराशी उभी, आणि हे खिडकीशी रिळाची मूठ फिरवणार. सैल सोडली तर ओरडा, घट्ट धरली तरी ओरडा. सगळी भरून झाल्यावर यांच्या लक्षात आलं की गुंडी उलट्या तोंडाने धरल्यामुळे दोरीला पीळ बसलाय. मग सगळी उलगडा, पुन्हा भरा, आणि मी पुन्हा दाराशी. (चूक कोणाची, हे लग्न झालेल्या बाईला विचारू नये.) एवढं करून पाण्याचं तोंड या माणसाने अजून पाहिलेलं नाही.

गुडघा त्या दिवशी टम्म सुजला. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, झीज एका बाजूला जास्त आहे. अर्धा सांधा बदलता येईल, नाहीतर पूर्ण. अर्ध्यात लवकर चालता येईल, पण पुढेमागे पुन्हा उघडावा लागू शकतो. मग यांच्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय मत?" (गुडघा माझा, मत यांचं.) यांच्या मोबाइलवर कोणीतरी रीळ खोलून दाखवत होतं. मान वर करून म्हणाले, "काहीही बसवा हो. तुम्हाला सोयीचं पडेल ते."

ताई, रिळाची मूठ डावीकडे हवी की उजवीकडे, यावर या माणसाने अख्खा पावसाळा घालवला. माझ्या गुडघ्याला एक श्वाससुद्धा लागला नाही. मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं ऑपरेशनला घाबरले. मीच डोळे पुसून पूर्ण सांधा सांगितला. परत येताना रिक्षात यांनी विचारलं, "काय ठरलं शेवटी?"

लेकाला अजून कळवलेलं नाही. तो बापावर गेलाय, विचार करून उत्तर देईल. बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता.क. ऑपरेशन शनिवारी सकाळी आहे. त्याच दिवशी यांनी मोबाइलवर जोडलेल्या गळवाल्या मंडळींची तलावावर सहल आहे. हे म्हणाले, "मला थोडंच आत सोडणार आहेत? बाहेर बसून मी काय करू?" खरंच, काय करणार! तू येशील का? शुद्धीवर येताना समोर आपलं माणूस असावं, एवढंच वाटतं. फोन करून हो किंवा नाही सांग. "बघते, कळवते" मात्र म्हणू नकोस, ते ऐकायची ताकद आता माझ्यात नाही.

आणखी एक ता.क. रीळ ठरलं. काल दुकानातून दोन्ही रिळं घरी आणली आणि माझ्यापुढे ठेवून यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" इतक्या वर्षांच्या संसारात माझं मत विचारायची ही पहिली वेळ. मला फार बरं वाटलं. आणि मी आडव्या फिरकीचं सांगितलं. यांनी लगेच मानलं, वर म्हणाले, "तुला कळतं हं यातलं." शनिवारी सगळ्यांच्या देखत हे पहिला गळ फेकतील तेव्हा मी गुंगीत असेन, त्यामुळे मला काही बघायला मिळणार नाही. दुकानदार शुक्रवार संध्याकाळपर्यंत बदलून द्यायला तयार आहे. मी बोलणार नाही. तू शुक्रवारी दुपारीच पोचलीस, तर तूही बोलू नकोस.