टेकलेला वारा

अण्णा, तुमच्या नातीला वारा लागलाय. थट्टा नाही, खरंच. पुण्याला शिकायला गेली आणि तिथल्या तलावावर फळीला शीड लावून पाण्यावर पळायला शिकून आली. विंडसर्फिंग म्हणतात. आता परीक्षा संपल्यावर ते सगळं लटांबर मैत्रिणीकडून आणलेल्या जीपच्या टपावर बांधून परवा इथं शहरात, मस्तगडात आपल्या दारात उभी. चहाच्या आधी पहिला प्रश्न हाच, "बाबा, जाफराबादकडं आपल्या गावच्या तलावावर वारा कसा असतो? दुपारी बराबर चालतो का?" वारा ओळखणं आपल्या घराण्यातच आहे असं तिला वाटतं. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी म्हणालो, "बिलकुल. जेवणं झाली की पश्चिमेचा. अण्णांचं खळं त्याच्यावरच चालायचं."

खळ्याचं मला काय आठवतं? तुम्ही वावडीवर, त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर उभे आहात. आई खालून ज्वारीची पाटी देते. तुम्ही आधी चिमूटभर भूस खांद्यापासून सोडता, ते कुठं पडतं बघता, मग पाटी हलवता. मी बाजूला, मानेत कुसळं शिरलेली, सगळ्या जगावर चिडलेला. मध्येच वारा थांबला आणि मी म्हणालो, "पडला वारा." तुम्ही वरून माझ्याकडं रोखून बघितलंत. "पडला न्हाई म्हणायचं खळ्यावर. टेकला म्हण." मला ते अपशकुनाचं वाटलं, हसूही आलं. तुम्ही मात्र तोवर खाली उतरला होतात. म्हणालात, "टेकलाय म्हंजे उठणार. पण कोण्या बाजूनं उठल काय भरोसा? मी वर राह्यलो तर भूस समदं राशीत येईल." एवढंच. मी पाणी प्यायला निघून गेलो.

काल तिला घेऊन तलावावर गेलो. मी सांगितला तसाच पश्चिमेचा वारा, मिशीला पीळ द्यायचंच बाकी होतं. ती मधोमध पोचली आणि शीड लुळं पडलं. पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर. मी बांधावरून ओरडलो, "टेकला गं, टेकला, खाली बस." तिनं मला हात हलवून दाखवला. हा शब्द मी माझ्या घरात कधी काढलाच नव्हता, तिला वाटलं बाप कौतुक करून राह्यलाय. मंग वारा उठला तो उलटा, धुळीसकट. शिडासकट ती पाण्यात आडवी आणि तिनं धरलेली फळी पलीकडच्या काठाला निघालेली. मला पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. चप्पल चिखलात सोडून वळसा घालून पळालो. पोचलो तर ती ज्वारीच्या धसकटांत बसलेली, जाकीट घातलेलं, गुडघा सोललेला, आणि हसून राह्यलेली. "बाबा, काय वारा आहे आपल्याकडं. उद्या परत यायचं." तिला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. मी चप्पल शोधायला गेलो.

आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. दुकानात गिऱ्हाइकानं सुतळी मागितली, मी खिळे दिले. सारखा गच्चीवर येऊन बघतोय. ती खाली गल्लीत जीपवर दोर आवळत होती. तुम्ही वाऱ्याबद्दल कधी खोटं बोलला नाहीत. मामाच्या लग्नाला निघायचं होतं, आई नटून बसली होती, आणि तुम्ही सांगून टाकलंत की आज वारा चांगलाय, उफणणी सोडता येणार न्हाई. आईनं ते कितीतरी दिवस मनात धरलं, पण तुम्ही बदलला नाहीत.

आत्ताच तिनं जिन्यातून हाक मारली, "बाबा, वारा कसाय?" खाली गल्लीत वारा शिरतच नाही, तिला वर माझ्यावरच भिस्त. मी म्हणालो, "आज न्हाई बेटा. पानसुद्धा हलत न्हाई." दोर सोडल्याचा आवाज येतोय. अण्णा, इथं वर वारा इतका सरळ, एकसारखा चाललाय की हा कागद मला हाताखाली दाबून धरावा लागतोय.