चारशे बारा माणसांची खोली

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का बसलाय, आणि मी सर्दीचं निमित्त पुढे केलं. सर्दीबिर्दी काही नाही. तू मला पाळण्यापासून ओळखतेस, तेव्हा तुलाही ते पटलं नसेलच. हे फोनवर सांगता यायचं नाही, म्हणून लिहितोय. अक्षर वाईट आलंय, सांभाळून घे.

माझ्या कामाची तू नेहमी टिंगल करायचीस. 'आमचा बारक्या सरकारी रेघोट्या ओढतो,' असं येईल त्याला सांगायचीस. भाऊजींना मात्र नकाशांचं भारी कौतुक. नजर शाबूत होती तेव्हा आमच्या कार्यालयातल्या जुन्या नकाशांची बांधणी त्यांनीच केली. कापडी पाठीचे ते सात खंड अजून माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. नजर गेल्यावरही बोट फिरवून ते ओळखायचे, ही शिवण माझी, ही दुसऱ्या कुणाची. तुमच्या त्या घरात ते वावरायचे तेव्हा परक्या माणसाला कळायचंही नाही की यांना दिसत नाही. खाली बांधणीचं दुकान, वर स्वयंपाकघर, मधल्या दहा पायऱ्या, आणि बाहेर गल्लीच्या टोकाच्या बाकापर्यंत एकतीस पावलं. गरम चहाचा कप घेऊन ते जिना उतरायचे, तू निवांत असायचीस आणि मीच जीव मुठीत धरून बसायचो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे तंत्रपट्ट्याचा, म्हणजे शहरातल्या संगणक आणि चिपच्या कंपन्यांच्या भागाचा, नकाशा काढायचं काम आलं. ज्याचं नाव रोज पेपरात झळकतं तो पट्टा नेमका कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरांच्या दलालांना विचारलं तर त्यांना जे घर विकायचं असेल तिथवर पट्टा. कंपन्यांना विचारलं तर त्यांच्या बस जिथवर फिरतात तिथवर. एक प्राध्यापक म्हणाले, दोन टेकड्यांमधला सपाट भाग तेवढा खरा, बाकी सगळे उपरे. नदीपलीकडची माणसं तर निवेदन घेऊन आली, की पहिला चिपचा कारखाना आमच्याकडे होता, तो बंद पडला म्हणून आम्ही काय पट्ट्याबाहेरचे? जितकी तोंडं तितके पट्टे. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, वाद पुरे, माणसं मोजा. शहराचे लहान लहान गट पाडायचे, कंपन्यांनी नोंदवलेल्या पत्त्यांवरून प्रत्येक गटात त्यांचे किती नोकरदार ते बघायचं, आणि आकडा शंभराच्या वर गेला की तो गट आत.

तुमच्या गल्लीच्या गटासमोर आकडा होता चारशे बारा. पत्ता वाचला आणि मला हसूच फुटलं. तुमच्या डोक्यावरची माळ्याची खोली! घरमालकाने ती एका कंपनीला नुसती पाटी लावायला दिलेली, किल्ली तुझ्याकडे, टपालही तूच उचलून ठेवायचीस. एक पेटी, एक बंद पंखा आणि दोरीवर तुझे वाळत घातलेले कपडे. आणि कागदोपत्री तिथे चारशे बारा माणसं कामाला बसलेली. सगळी खरंच आली असती तर तुझा जिना पहिल्याच सकाळी मोडला असता.

आमच्यात एक पद्धत आहे, ताई. आकड्याची शंका आली की समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करायचं. मग कुणीतरी जागेवर जाऊन बघून येतं. मी ते केलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या मनात पाप नव्हतं. तेव्हा ती सीमा म्हणजे माहितीपुस्तिकेतलं एक चित्र होतं, बाकी काही नाही. पट्ट्यात येण्यासाठी लोक आमच्या दारात हातापाया पडत होते आणि तुमची गल्ली आयतीच आत आली होती. वाटलं, येऊ दे, रस्ता होईल, दिवे लागतील, भाऊजींच्या दुकानात चार गिऱ्हाइकं जास्त येतील. तुला ही गंमत सांगायचीच होती, पण राहून गेली.

वर्षभराने नवा नियम आला. पट्ट्याच्या आतल्या जुन्या भाडेकरूंचं संरक्षण संपलं. तीन महिन्यांची नोटीस दिली की मालक जागा रिकामी करून घेऊ शकतो. नियमाला सीमा हवी होती. कायदेवाल्यांनी नवी काढलीच नाही, आमच्या पुस्तिकेतली उचलली. आयती रेघ मिळाल्यावर दुसरी कोण ओढतो? दुरुस्त्यांसाठी आम्हाला आठ दिवस दिले होते. ते आठ दिवस मी रोज मोजले. सहाव्या दिवशी अर्ज काढून त्यावर तुमच्या गटाचा क्रमांकही लिहिला. मग मनात आलं, साहेब विचारतील की तुला हे कधीपासून माहीत होतं, आणि ते घर कुणाचं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. बहिणीसाठी रेघ वाकवली असा डाग लागला तर उतारवयात तोंड कुठे लपवू? अर्ज खणात सरकवला आणि मूग गिळून बसलो. तू नोटीस घेऊन माझ्याकडे आलीस तेव्हा मी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, कायद्यापुढे कुणाचं काय चालतं. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

गल्ली सोडून तुम्ही नवव्या मजल्यावरच्या ज्या घरात गेलात, तिथे भाऊजी खुर्चीतून उठेनासे झाले. सगळी दारं सारखी, सगळ्या भिंती सारख्या. बांधणीच्या दाबयंत्राचा सांगाडा भंगारात गेला त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, 'बारक्या, तुझ्या नकाशात ही खोली कशी दिसते?' मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली. महिन्याभराने एका दुपारी ते एकटेच बाहेर पडले. शेजारीण म्हणाली, मोठ्याने पावलं मोजत चालले होते, म्हणून तिला वाटलं की त्यांना रस्ता माहीत आहे. जिना आला तेव्हा ते तेविसाव्या पावलावर होते.

तेव्हापासून तू येईल त्याला एकच सांगतेस, की दाराची कडी माझ्याकडून लावायची राहिली, मी त्यांना मारलं. मी शेजारी बसून तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि नशिबाला बोल लावत राहिलो. इतका हलकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या आठवड्यात यंदाची यादी आली. तुमच्या गल्लीत आता पत्र्याचं कुंपण आणि आत नुसता खड्डा आहे. कंपनीने पाटी हलवली आहे. तीच चारशे बारा माणसं आता दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका गल्लीत बसली आहेत. या वेळी मी समासात प्रश्नचिन्ह केलं. साहेबांनी ते खोडलं, म्हणाले, नोंदणीत पत्ता आहे ना, मग झालं. मन लगेच म्हणालं, म्हणजे तेव्हा केलं असतंस तरी खोडलंच असतं. असेल. पण तेव्हा मी ते केलं नाही, आणि त्या आठ दिवसांतही काही केलं नाही. त्या दुसऱ्या गल्लीत कोण राहतं, हे जाऊन बघायचा धीर मला होत नाही.

परवा तू म्हणालीस, रविवारी सामान घेऊन कायमची तुझ्याकडे येते, आता या जगात तुझ्याशिवाय माझं आहे कोण. मी मागची खोली झाडून ठेवली, पलंग खिडकीपाशी ओढला आणि मग त्याच पलंगावर बसून रडलो. तू माझ्या घरात रोज त्या कडीसाठी स्वतःला शिव्या देणार आणि मी समोर बसून ऐकणार, हे मला जमायचं नाही. म्हणून हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हाती पडेल असं आज टाकतोय. कडी विसर, ताई, ती तुझी चूक नव्हती. हे वाचून तू आलीस तर दार उघडं आहे. नाही आलीस तर मी कारण विचारणार नाही. मग मात्र या जगात तुझं कुणीच उरणार नाही, आणि तेही माझ्यामुळेच.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बारक्या