कुंचीमागची कन्सेप्ट

२ डिसेंबर, सकाळी ७.१०
हाताचं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, विणकाम वगैरे करा. व्हिडिओ पाहिला. परदेशात विणकाम ही कन्सेप्च्युअल आर्ट आहे. स्वेटर गौण, विचार मुख्य. विचारात मी पहिल्यापासून पुढे. भिगवण चौकातून पांढरी लोकर आणि सुया आणल्या.

४ डिसेंबर
आमच्या स्वरदाला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला तिच्या सासूबाई, दगडाबाई, सणसरहून आल्या. चहा घेता घेता जाहीर केलं, बारशाला आजोळची कुंची मी स्वतः विणणार. सगळे एकमेकांकडे बघू लागले. बहुधा भारावले. बायको, अनसूया, म्हणाली, आधी टाके घालायला तर शिका.

११ डिसेंबर
वीस टाक्यांनी सुरुवात केली होती. आज एकतीस. मी एकही वाढवलेला नाही. कलाकृती आपणहून विस्तारते आहे. अनसूया शिकवायला आली. तिला सांगितलं, चाळीस वर्षं तू विणलेस ते स्वेटर, हे वेगळं आहे. ती गवार मोडायला निघून गेली.

२० डिसेंबर, दुपारी
मधे मधे भोकं पडू लागली. त्यातूनच कन्सेप्ट सापडली. नाव, 'पोकळी'. स्वरदानं विचारलं, "बाबा, पण थंडीचं काय?" नवी पिढी फार व्यवहारी.

५ जानेवारी
मुलगी झाली. दोघी छान. डोकं अगदी मोसंबीएवढं. मांडीवर घेतली. हिच्या डोक्यावर पहिली कुंची माझ्याच हातची चढणार. उद्यापासून रोज चार तास.

६ जानेवारी
पाहुणे होते. जमलं नाही.

८ जानेवारी
लोकरीचे दोन गुंडे कमी. अनसूया म्हणाली, मांजरानं नेले असतील. मांजराचा बंदोबस्त केला पाहिजे. घरात मांजर कधी आलं, कळलं नाही.

११ जानेवारी
दगडाबाई बाळाला बघायला आल्या. 'पोकळी' उजेडात धरून बघितली. म्हणाल्या, "माधवराव, उजनीत मासं धराय चांगलं हाय." रसिकाचा पहिला प्रतिसाद. नोंद केली. जाताना दारात म्हणाल्या, "कुंचीचं इसरू नका. साऱ्या सणसरला सांगून ठिवलंय मी." छातीत जरा धडधडलं. अॅसिडिटी असावी.

१५ जानेवारी
उद्या बारसं. 'पोकळी' दीड हात लांब, एका टोकाला रुंद. भोकं पुष्कळ, पण बाळाचं डोकं जाईल असं एकही नाही. संध्याकाळी चौकातून तयार कुंची आणली. कन्सेप्च्युअल आर्टमध्ये रेडिमेड वस्तूला मोठा मान आहे. प्रश्न सुटला.

१६ जानेवारी, संध्याकाळी
नाव श्रिया ठेवलं. मी कुंची पुढे केली. दगडाबाईंनी उलटी करून पाहिली. आत लेबल, लुधियाना. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात अनसूयेनं पिशवीतून दुसरी पांढरी कुंची काढली. म्हणाली, ती आपली रोज वापरायला आणलीय, ह्यांनी विणलेली ही. माझीच लोकर. कडेला बारीक जाळी, टोकाला गोंडा. श्रियाला बेतल्यासारखी बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नम्रपणे मान लववली. नको होती लववायला.

कारण दगडाबाई माझ्याच सुया घेऊन शेजारी येऊन बसल्या. "माधवराव, ही कड कशी घातली, जरा दावा की." दहा-बारा बायका पुढे सरकल्या. मी म्हणालो, यामागे एक कन्सेप्ट आहे.

"आसू द्या. पर टाका कंचा?"

अनसूयेकडे बघितलं. ती श्रियाच्या हनुवटीखाली बंद बांधत होती. फार सावकाश.

१७ जानेवारी
सकाळी अनसूयेपुढे बसलो. तिनं वीस टाके घालून दिले. म्हणाली, फक्त सुलट विणा, डोकं चालवू नका. जेवायच्या वेळी मोजले. तेवीस.
"उसवा," म्हणाली.
उसवले.