तिसऱ्या हाकेपर्यंत

बुखारेस्ट, ३० नोव्हेंबर

प्रिय आईस,
सावेताचा तुझ्या दोन्ही हातांना मुका.

आम्ही सुखरूप आहोत. नाताळचा उपास नेमाने चालू आहे. तू पाठवलेला घेवडा अजून दोन आठवडे पुरेल. तुझे गुडघे कसे आहेत?

यांना सकाळी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचं आणि दुपारी मंत्रालयात बसायचं असतं. "सावे, मला दोन देह हवेत," असं हसत म्हणतात.

काल हे चष्मा घरी विसरले, म्हणून मी तो द्यायला विद्यापीठात गेले. दारातून पाहिलं, हे शिकवण्यात रंगले होते. मध्येच कसं बोलवायचं? चष्मा मंत्रालयात ठेवायला गेले, तर शिपाई म्हणाला, "बाई, साहेब नऊपासून आत बसलेत. चष्म्याशिवाय भराभर सह्या करतायत!" मी आत डोकावले नाही.

घरी येऊन दारं-खिडक्यांना लसूण चोळला, संत आंद्रेईच्या सणाची आदली संध्याकाळ ना, भुताखेतांची! चारला दाराशी यांचाच आवाज आला, "सावे, दार उघड." तुझी शिकवण आठवली: या संध्याकाळी तीन हाकांशिवाय दार उघडायचं नाही, वाईट जिवाला एकदाच हाक मारता येते. कडीवरचा हात मागे घेतला. दुसरी हाक आलीच नाही.

पाचला जिन्यात पावलं वाजली. "सावे! सावे! अगं सावे, बहिरी झालीस का?" उघडलं. यांच्या बोटांना खडू लागला होता. म्हणाले, "आज मंत्रालयात गेलोच नाही."

मी म्हटलं, "ती नोकरी सोडा." तर म्हणाले, "मग तिथलं काम कोण करणार?"

काळजी करू नकोस. नाताळात येशील तेव्हा मात्र दारात मला तीनदा हाक मार.

तुझ्या आशीर्वादाची,
सावेता