मामांची शेवटची फ्रेम आणि गेटवाल्याच्या सळ्या

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष साष्टांग सध्या जमणार नाही, कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) मामींनाही नमस्कार सांगा. हाताची थरथर कमी आहे ना? औषध वेळेवर घेता ना? इकडे सगळे मजेत आहेत. मी सोडून.

काम कायमचं बंद करण्याआधी तुम्ही शेवटची म्हणून माझ्यासाठी जी सायकलची फ्रेम बांधलीत, तिच्याविषयी थोडं लिहायचं आहे. शिंप्यासारखी माझी तंगडी मोजलीत, पोलादी नळ्या कानाशी धरून, टिचक्या मारून निवडल्यात, पितळ वितळवून एकेक सांधा जोडलात. दोन वर्षं गाडी लोण्यासारखी चालली. खड्डा आला की अंगाखाली किंचित लवायची आणि पुन्हा सरळ व्हायची. दुसऱ्या कुणी यात समाधान मानलं असतं. मला मात्र शंका आली. (ही म्हणते, तुम्हाला सुख टोचतं.) एका रविवारी मी तुमच्यासारखीच नळीला टिचकी मारून पाहिली. टोकांशी आवाज बद्द, मध्ये खणखणीत. म्हणजे नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ! नळ्या विकणाऱ्याने मापात पाप केलं आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही, हे मी जागच्या जागी ओळखलं. या वयात तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून कळवलं नाही. आमच्या कोपऱ्यावर लोखंडी गेटं बनवणारा आहे, त्याच्याकडून पातळ भागांवर बोटभर जाडीच्या सळ्या वेल्डिंग करून घेतल्या. माणूस सज्जन. टोकांना भाले लावू का, असंही त्याने विचारलं.

तेव्हापासून गाडी मुळीच लवत नाही. रस्त्यावरचा खडा केवढा होता, हे मला आता दाढेत कळतं. (त्यातली एक दाढ परवा गेली.) ऑफिसात पोचल्यावर अर्धा तास सही सरळ येत नाही, साहेबांनी दार लावून, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. शेवटी सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फ्रेम पाहिली, चष्मा काढला, पुसला आणि सळ्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाला, सांध्यांवर आच आणि भार दोन्ही येतात म्हणून नळी टोकांना जाड असते, आणि गाडी लवावी म्हणून मध्ये मुद्दाम पातळ. अशा नळ्या न जाळता जोडणं हीच तर कारागिराची खूण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला फार लाज वाटली, मामा.

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.

तुमचा भाचा

ता. क. : सांधे शाबूत आहेत, नळ्या बदलता येतील, असं दुरुस्तीवाला म्हणतो. पण ज्याने बांधली त्यानेच हात लावावा, असंही म्हणतो. तुमचा हात थरथरतो हे मला ठाऊक आहे. सध्या माझाही थरथरतो. फ्रेम मी घट्ट धरतो, तुम्ही रागवत रागवत काम करा.

आणखी एक ता. क. : पितळ वितळवायची ती गॅसची टॉर्च विकून टाकली, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मामींना फोन केला होता. टॉर्च पलंगाखाली आहे आणि तुम्ही दिवसभर घरातल्या लोखंडी खुर्च्यांच्या पायांना टिचक्या मारत हिंडता, असं कळलं. शनिवारी फ्रेम घेऊन येतो. लवकर ये, खुर्च्या संपत आल्या आहेत, असा मामींचा निरोप आहे.