येतो म्हणाला आहे

३ मार्च, सोमवार. सकाळ.

सुरू झालं का रे? धाकट्यानं सांगितलंय, आई, हे लाल बटण दाब आणि बोलत सुट, फोन सगळं लिहून घेतो, तारीखही स्वतःच टाकतो. म्हणजे पाटीला हात न लावता मी रोजनिशी लिहिणारी बाई झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. तू काय लिहितोयस ते मला वाचता यायचं नाही, तेव्हा इमानानं लिही. खोकला लिहू नकोस.

रविवारी सुट्टी असते तेव्हा धाकटा वाचून दाखवणार आहे. त्यामुळे सुनेबद्दल आज काही बोलत नाही.

संकल्प केलाय. तीन महिने धाकट्या मुलाकडे परदेशात राहायचं तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. सूनबाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. आज भाजीत मीठ नव्हतं. हे नावं ठेवणं नव्हे, ही माहिती आहे. ती नवऱ्याला अरे-तुरे करते, तेही ऐकून घ्यायचं. घेतेय.

फक्त एका गोष्टीत माघार नाही. आज हा ऑफिसला निघाला आणि दारातून म्हणतो, चल आई, जातो. जातो! मी लिफ्टचं दार पायानं अडवलं. म्हटलं, आईच्या तोंडावर जातो म्हणतोस? मागे फीर, येतो म्हण. तर म्हणे, अगं, जातोय तर जातोच म्हणणार ना, येतो म्हटलं तर तू आत्तापासून चहा टाकून बसशील. पण फिरला मागे. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, येतो म्हणाला, मग गेला. नात नुसतं बाय करते. ठमी म्हणते मी तिला, वय वर्षं सहा. सूनबाईही बायच. हे सगळं मी सुधारणार.

वरच्या मजल्यावर माझ्याच वयाची एक बाई राहते. तिचं वॉशिंग मशीन फिरलं की आमची भांडी थरथरतात. धाकटा म्हणतो, आई, इथे जमीनच कधीकधी हलते. म्हटलं, बाबा, जमिनीवर खापर फोडू नकोस. मला मशीन कळतं.

५ मार्च. दुपार.

प्रगती उत्तम. ठमी आता संडासला जातानाही येते म्हणते. धाकटा जाता-येता मला चिडवतो. सोफ्यावरून उठून फ्रीजकडे निघाला तरी हात जोडून, आई, येतो. मी हसत नाही. हसलं की पोरं शेफारतात.

सूनबाई अजून बायच करते. वेळ लागेल. लोखंड आहे.

दुपारी पुन्हा भांडी वाजली. वरची बाई एवढे कपडे कुणाचे धुते? उद्या झाडूच्या दांड्यानं छताला ठोकणार. सभ्यपणे, तीनदा.

६ मार्च, गुरुवार. शाळेच्या मैदानातून.

ठोकलं. छत खाली आलं.

खरंच सांगते. सूनबाई कामावर, धाकटा ऑफिसात, ठमी खोकल्यामुळे घरी. मी वाटाणे सोलत होते, भांडी वाजू लागली, मी झाडू उचलून तीनदा ठोकलं आणि घमेलंभर पोपडा माझ्या पुढ्यात. पहिला विचार आला, आता धाकट्याला काय तोंड दाखवू. मग भिंतीतून फटाक्यासारखा आवाज आला, कपाट चालत चालत खोलीच्या मधोमध आलं, तेव्हा पटलं की एवढ्या जोरात काही मी ठोकलं नव्हतं.

मी घाबरले नाही. ठमी सांगत सुटलीय की आजी किंचाळत होती. मी तिला धीर देत होते, जरा मोठ्यानं.

दार चौकटीत अडकलं. बाहेरून लाथा घालून ते उघडलं वरच्या बाईनं. केसांना साबण, अंगात आंघोळीचा झगा, पायात काही नाही. ठमीला काखोटीला मारलं, मला दंडाला धरलं आणि खाली. जिन्याला कठडा नव्हता. मैदानात पोचले तेव्हा माझ्या मुठीत वाटाणे तसेच होते.

आता ती बाई शेजारी बसून माझा हात कुरवाळत काही बोलते आहे. मशीनबद्दल माफी मागत असणार. बघू. लगेच नाही करायची माफ.

६ मार्च. पुन्हा मीच.

धाकट्याचा फोन आला! याच फोनवर. आवाज कसा लांबून, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. ठमी बरी आहे का? बरी आहे. तू बरी आहेस का? मला काय धाड भरलीय. तू कुठे आहेस? तर त्यातही चेष्टा! म्हणतो, टेबलाखाली, आई, तुझ्या देवघराएवढी जागा आहे, देव होऊन बसलोय. म्हटलं, कसली वेळ, काय बोलतोस. मग म्हणाला, सगळ्यांना सांभाळ. आणि म्हणाला, आई, येतो.

बस. फोन बंद.

तर आता चिंता नाही. सूनबाई अख्खं शहर तुडवत अंधार पडायच्या आत पोचली, एका पायात बूट, केस पांढरे. धूळ होती ती. मी तिला हुंदकासुद्धा काढू दिला नाही. म्हटलं, रडतेस काय, येतो म्हणाला आहे.

७ मार्च. सकाळ.

तंबू मिळाला. जमीन अजून अधूनमधून उचक्या देते. भोंग्यातून सारखं काहीतरी सांगतात, मला ओ की ठो कळत नाही. पण लोक धावले की धावायचं आणि रांग दिसली की उभं राहायचं, हे मी जाणलंय. आज एका रांगेत बराच वेळ उभी राहिले. लंगोट मिळाले. तान्ह्या बाळांचे, कागदाचे. नको कसं म्हणायचं? ऐटीत घेऊन आले. उशी छान झाली.

सूनबाई म्हणते, आई, फोनची बॅटरी जपा, त्याचा पुन्हा आला तर? मी म्हटलं, थोडंच बोलते. मी तुझ्याशी बोलत असताना त्याचा आला तर वाजेल ना रे? वाज हं. माझं बोलणं तोडून वाज.

७ मार्च. दुपार.

आज माझ्या शब्दाला किंमत आली. सूनबाई मला धाकट्याच्या ऑफिसपाशी घेऊन गेली. सहा मजले होते म्हणे. आता ते एकमेकांवर चपात्यांसारखे रचून ठेवलेत. मी फार बघितलं नाही. ऊन होतं.

हेल्मेटवाल्यांचा मुकादम आला. डोळे लाल, पण माणूस नम्र. सूनबाई मधे दुभाषी. एका बाजूला जिना आहे, दुसऱ्या बाजूला बसायच्या खोल्या. यंत्र एकच, माणसं तेवढीच, एका वेळी एकच बाजू उकरता येईल. आतून फोन आलेला माणूस एकच, आमचा. मुकादमानं विचारलं, तो नक्की काय म्हणाला?

मी ठासून सांगितलं, येतो म्हणाला. म्हणजे निघाला होता. म्हणजे जिन्यात.

सूनबाईनं त्यांच्या भाषेत सांगितलं. मुकादमानं पुन्हा विचारलं, नक्की? मी अशी मान हलवली की डोक्यावर हेल्मेट नसूनही मान दुखली. टेबलाचं काही बोलले नाही. चेष्टेचं काय सांगायचं परक्या माणसाला? उगाच म्हणेल, यांचं पोर संकटातही वाह्यात.

यंत्र जिन्याकडे वळलं. परक्या देशात येऊन मला लिफ्टचं बटण कुठलं दाबायचं ते कळत नव्हतं, आणि आज एवढे लोक माझ्या सांगण्यावरून खणतायत. धाकट्याला सांगेन तेव्हा चिडवायची सोय राहणार नाही त्याला.

८ मार्च. सकाळ.

जिना अर्धा मोकळा झाला. त्यात कुणी नाही. एक छत्री निघाली, आपली नव्हे.

मुळात तो सावकाश चालतो. लहानपणी शाळेतून यायचा तर वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याची चौकशी करत यायचा. वरच्या मजल्यांच्या जिन्यात असेल. मी सूनबाईला तसं म्हटलं. तिची बिस्किटं तशीच हातात. हिचं हे असंच, खायच्या वेळेला खात नाही.

वरची बाई ठमीची वेणी घालते. वेणी घट्ट आहे. माफ करायचा विचार चालू आहे.

८ मार्च. थोड्या वेळानं.

काय झालं ते सांगते. जसं झालं तसं लिही.

ठमीला शू लागली. वरच्या बाईचं बोट धरून ती तंबूच्या तोंडाशी गेली, वळली आणि मी शिकवलं तशी म्हणाली, आजी, येते.

आणि निघाली.

सूनबाई एकदम उठून बसली. म्हणाली, आई. म्हटलं, काय? म्हणाली, आई, तो येतो म्हणाला, ते कुठलं येतो?

म्हटलं, कुठलं म्हणजे? येतो म्हणजे येतो.

ती म्हणाली, ऑफिसला जाताना म्हणायचा ते?

मी म्हटलं, तू आधी बिस्किट खा.

तिनं माझे दोन्ही खांदे धरले. सासूचे खांदे. म्हणाली, अजून काय म्हणाला तो? सगळं सांगा, चेष्टा असली तरी सांगा. मग मी देवघराचं सांगितलं. टेबलाचं सांगितलं. देव होऊन बसल्याचं सांगताना मी थोडी हसलेसुद्धा, सवयीनं.

ती पळाली. दोन्ही पायांत वेगवेगळे बूट. मी हाक मारली, अगं, येते म्हणून तरी जा.

८ मार्च. संध्याकाळ.

यंत्र खोल्यांच्या बाजूला लावलंय. तिनं मुकादमाला सगळं सांगितलं. त्यांच्या भाषेत म्हणे जाताना जातोच म्हणतात. त्यानं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं आणि तो माणसांना हाका मारू लागला. मला तो काही बोलला नाही. बोलला असता तरी कळलं नसतं.

मी आपली म्हणते, टेबल भक्कम असेल. ऑफिसचं टेबल. धाकट्याला पाणी कमी लागतं. उन्हाळ्यातही तांब्या तसाच परत यायचा. आणि येतोचे दोन्ही अर्थ असतात. ते लोक अडाणी आहेत, त्यांच्याकडे शब्द कमी आहेत.

संकल्प. तो आला की पहिल्यांदा काही विचारायचं नाही. फक्त पाणी द्यायचं. आणि जातो म्हणाला तरी चालेल.

९ मार्च, रविवार.

सापडला.

टेबलाखालीच. जागा होती तेवढी. खोटं बोलला नव्हता.

डॉक्टर सूनबाईशी पुष्कळ वेळ बोलला. हात हलवून, बोटांनी दाखवून, मधे डोळ्यांवरून हात फिरवून. मी कडेला उभी. शेवटी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, त्याच संध्याकाळी, आई, फोन झाल्याबरोबर. जिन्याशी काही संबंध नाही.

इतक्या लांब बोलण्याचं मराठी एवढंसं झालं.

मी हो म्हटलं. मला त्यांची भाषा येत नाही. तिला येते. ती सांगते ते खरं. मी पुन्हा विचारणार नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही, फक्त माझ्या कपाळावरची धूळ स्वतःच्या ओढणीनं पुसली.

आज तो हे वाचून दाखवणार होता.

१६ मार्च, रविवार.

बरेच दिवस बोलले नाही तुझ्याशी. बोलायचं काय?

थोरल्या मुलानं तिकडून आम्हा तिघींची तिकिटं काढलीत. परवाचं विमान. सामान काही नाही. लंगोटांची उशी ठमी सोडत नाही.

वरच्या बाईला मी माफ केलं. तिला कळलं का माहीत नाही, पण माझा हात तिनं तसाच धरला जसा पहिल्या दिवशी. आता वाटतं, तिलाही माझ्या झाडूबद्दल काही म्हणायचं असेल. म्हणू दे.

सूनबाईला आजपर्यंत एकदाही विचारलं नाही, डॉक्टर एवढा वेळ काय बोलत होता. आजही विचारलं नाही. भात तिनं केला होता. मीठ बरोबर होतं. नव्हतं, पण बरोबर होतं.

मघाशी वरची बाई पाण्याच्या टँकरकडे निघाली, ठमीला घेऊन. बादली दोघींत. बाई तंबूच्या तोंडाशी थांबली आणि हसून म्हणाली, येते. आमच्या भाषेत! ठमीनं शिकवलं म्हणे. उच्चार असा की एरवी मी आठवडाभर हसले असते. मागून ठमी, आजी, मी पण येते.

मी म्हटलं, नको गं. बाय म्हण.

ठमी म्हणाली, पण आजी, तूच तर.

म्हटलं, बायच चांगलं. बाय म्हटलं की मागच्या माणसाला वाट बघावी लागत नाही.

ती बाय म्हणाली आणि गेली.

टँकर जवळच आहे, त्या झाडापाशी. मी तंबूच्या तोंडाशी उभी आहे. अजून आली नाही.